मृगाचा भरंवसा

ज्येष्ठांत पहिला दमदार पाऊस पडून गेला म्हणजे रेणापूरच्या शिवारांत एकच प्रश्न बांधाबांधावर ऐकूं येतो: चाड्यावर मूठ धरावी, कीं अजून थांबावें? ढेकळें विरघळलेलीं असतात, कुळवाच्या पाळ्या देऊन रान केव्हांच तयार झालेलें असतें, तिफण दारांत उभी असते. लगेच पेरलें आणि मागाहून पाऊस लागून राहिला, तर पीक पंधरा दिवस पुढें जातें, तणाच्या आधीं उभें राहतें, आणि मूग-उडदासारखीं थोड्या दिवसांचीं पिकें वेळेवर हातीं येतात. लगेच पेरलें आणि पावसानें तोंड फिरवलें, तर मोड आलेला दाणा मातींतच करपतो व दुबार पेरणीची पाळी येते. बरें, सावधपणानें थांबावें, तर झड लागून आठ-आठ दिवस वाफसा होत नाहीं आणि हंगाम डोळ्यांदेखत निघून जातो. हा निर्णय दरसाल, चार-दोन दिवसांत, अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. राजांच्या लढायांना इतिहास असतो. पेरणीला असतो तो केवळ शिरस्ता, असें आपण धरून चालतों. परंतु पहिल्या पावसावर किती विसंबावें या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्याचे धागे रेणापूरपासून थेट हिमालयाच्या बर्फापर्यंत गेलेले आहेत. त्या इतिहासाची ओळख श्रोत्यांना करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

हंगामाच्या तोंडाशीं निसर्गाशीं असा डाव मांडणारे लोक इतरत्रही आहेत. काश्मिरांत गुलमर्ग येथें १९२७ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं बर्फाच्या उतारावरून पायांना पट्ट्या बांधून घसरत जाण्याच्या खेळाचा, म्हणजे स्कीइंगचा, एक क्लब काढला. हिंवाळा लागतांच जो लवकर जाईल त्याला कोरे उतार मिळण्याचा संभव असतो. तसाच उघड्या खडकांकडे पाहत बसण्याचाही असतो. २०२४ च्या जानेवारींत, म्हणजे ज्याला काश्मिरी लोक चिल्लई कलान म्हणतात त्या ऐन कडाक्याच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार बर्फावांचून तपकिरी पडून होते. २०२५ च्या फेब्रुवारींत तेथील हिंवाळी क्रीडास्पर्धा बर्फ नाहीं म्हणून पुढें ढकलाव्या लागल्या. त्या मार्चांत झाल्या. खेळाडूचा डाव हुकला तर त्याची सुटी वायां जाते. तेथील घोडेवाल्यांचें व खाणावळवाल्यांचें नुकसान याहून मोठें असतें, पण तें क्रीडेच्या पानावर छापून येत नाहीं. रेणापूरकराचा डाव हुकला तर सबंध वर्ष जातें. ही तुलना मीं केवळ शोभेसाठीं घेतलेली नाहीं. हिमालयावर किती बर्फ पडला यावरून दक्षिणेंतल्या पावसाचें भवितव्य सांगण्याचा उद्योग एके काळीं सरकारी कचेरींत गंभीरपणें चालत असे. त्याकडे आपण क्रमानें येऊं.

रेणापूर हें रेणा नदीकांठचें गांव. येथील रेणुकादेवीचें स्थान प्रसिद्ध आहे. रेणा मांजरेला मिळते, आणि मांजरा बालाघाटाच्या डोंगरांतून निघून मोठा वळसा घेत गोदावरीला जाते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ मध्यें तो द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. लातूर जिल्हा १९८२ सालीं निराळा झाला. राज्यें बदललीं, जमीन तीच राहिली: काळी, चिकण, उन्हाळ्यांत हातभर भेगा पडणारी. पर्जन्यमान वर्षाला सरासरीनें सातशें-आठशें मिलिमीटर. नुसत्या आंकड्यानें पाहिलें तर हें थोडें नव्हे. लंडन शहरांत वर्षाकाठीं याहून कमी पाऊस पडतो, आणि तरी तेथील माणूस पावसाला कंटाळलेला असतो! फरक असा कीं, तेथें तो बारा महिन्यांवर सारखा पसरलेला आहे. येथें तो चार महिन्यांत, आणि त्यांतही मोजक्या चाळीस-पन्नास दिवसांत येऊन जातो.

शिवाय मृगाच्या आगेमागें पडणारा पाऊस दोन जातींचा असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. वळवाचा पाऊस तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या ढगांचा. दुपारीं आभाळ भरून येतें, वावटळ सुटते, विजा कडाडतात आणि घटकाभर असा कोसळतो कीं ओढ्याला पाणी यावें. पण शेजारच्या गांवीं त्याच वेळीं धूळ उडत असते. मोसमी पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रवाहाबरोबर येतो व मुलूखच्या मुलूख भिजवतो. तोही आमच्यापर्यंत थकून पोंचतो, कारण पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचें बहुतेक पाणी सह्याद्रि आपल्या माथ्यावरच उतरवून घेतो. बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचें क्षेत्र होऊन तें आंत सरकलें, तर मराठवाड्याला पुन्हां हात मिळतो. नाहीं तर आभाळांत ढग नुसते पळत राहतात. जमिनीवर पडलेल्या थेंबावर मात्र त्याची जात लिहिलेली नसते. वळवाच्या एका सरीनें काळ्या जमिनीचा वरचा थर ओला होतो. खालच्या भेगा कोरड्याच असतात. दाणा फुगतो, मोड येतो, मूळ खालीं उतरतें आणि तेथें त्याला ओल सांपडत नाहीं. पहिल्या पावसाची फसवणूक ती हीच.

या फसवणुकीविरुद्ध पहिला लेखी उपाय कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांपडतो. कोठारापाशीं पाऊस मोजण्यासाठीं एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, तोंडाचें कुंड ठेवावें असें त्यांत सांगितलें आहे. सरकारी शेतीवरचा अधिकारी जो सीताध्यक्ष, त्याच्या प्रकरणांत तर निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाचे आंकडेच दिले आहेत. अवंतीचा पाऊस तेवीस द्रोण. अपरांताचा, म्हणजे कोंकणाचा, अमित. आणि अश्मक देशाचा बारा-तेरा द्रोणांच्या आसपास, म्हणजे अवंतीच्या जवळजवळ निम्मा. हा अश्मक देश गोदावरीच्या मध्य खोऱ्यांतला. त्याची राजधानी म्हणजे नांदेडच्या पलीकडचें आजचें बोधन असें पुष्कळ विद्वान मानतात. तेव्हां आमच्या भागाच्या पर्जन्यमानाचा लेखी आंकडा दोन हजार वर्षांइतका जुना आहे, आणि तो तेव्हांही बेताचाच होता! याहून मोलाची गोष्ट पुढेंच आहे. एकूण पावसापैकीं एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडला तर तें वर्ष उत्तम, असें अर्थशास्त्रकार सांगतो. म्हणजे किती पडला याबरोबर केव्हां पडला हेंही त्यानें ओळखलें होतें. आणि पाऊस पाहून अधिक पाण्याचें कीं कमी पाण्याचें बीं पेरावें हें ठरवावयाचें, असा त्याचा स्पष्ट दंडक आहे. अर्थात् हें सारें राजाच्या कोठारासाठीं होतें. ज्याच्या घरांत एकच पोतें बीं आहे, त्यानें काय करावें याचा विचार त्या ग्रंथाच्या कक्षेंत येत नाहीं.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत निराळीच वाट धरली. त्याच्या मतें मेघांना हिंवाळ्यांत गर्भ राहतो, आणि एकशें पंचाण्णव दिवसांनीं तो प्रसवतो. म्हणून मार्गशीर्षापासून वारा, धुकें, ढगांचे रंग टिपून ठेवावेत. कल्पना आज टिकण्याजोगी नाहीं. तरी साडेसहा महिने आधींच्या खुणेवरून पावसाळा ओळखतां यावा ही जी त्यामागची आकांक्षा, ती पुढें अगदीं वेगळ्या वेषांत पुन्हां आपल्याला भेटणार आहे.

ग्रंथ पंडितांजवळ राहिले. शेतकऱ्याच्या जिभेवर बसलीं तीं सूर्याचीं नक्षत्रें: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा आणि पुढें हस्त-चित्रेपर्यंत. एकेका नक्षत्रांत सूर्य तेरा-चौदा दिवस असतो. हल्लीं मृग ७-८ जूनला निघतो, आणि मराठवाड्यांत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण वेळही जूनचा दुसरा आठवडा हीच आहे. हा मेळ इतका नेमका बसतो कीं, कोणा ऋषीनें आकाशाकडे पाहून पेरणीचा मुहूर्त कायमचा नेमून दिला असावा असें वाटतें. येथें इतिहासाच्या अभ्यासकाला थोडें थांबावें लागतें. नक्षत्रें ताऱ्यांना बांधलेलीं आहेत. ऋतु सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला बांधलेले आहेत. अयनचलनामुळें या दोहोंतला सांधा सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस सरकतो. आजच्या तारखांच्या मापानें पाहिलें तर शिवकालांत मृग सुमारें पांच दिवस आधीं निघत असे. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या वेळीं आठ-नऊ दिवस आधीं. आणि वराहमिहिराच्या काळीं तर वीस-एकवीस दिवस आधीं, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यांत. त्या काळीं मृगावर कोणी विसंबला असता तर त्यानें भर वैशाखवणव्यांत बीं भाजून घेतलें असतें. तेव्हां पेरणीचें नक्षत्र आर्द्रा असलें पाहिजे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. मृगाचा भरंवसा हा अनादि नाहीं. तो गेल्या कांहीं शतकांत बसत गेलेला आहे, आणि आणखी पांचशें वर्षांनीं, मृग जूनच्या मध्यावर जाईल तेव्हां, तो बहुधा रोहिणीकडे सरकेल. आपल्या पूर्वजांनीं नियम बदलला आणि बदलल्याचें विसरूनही गेले. यांत मला लोकपरंपरेचा दोष दिसत नाहीं, उलट तिचा जिवंतपणा दिसतो. पोथी सरकली तरी शेतकऱ्यानें पाऊस सोडला नाहीं.

पंचांगांतील नक्षत्रांच्या वाहनांविषयीं मात्र इतक्या आदरानें बोलतां येत नाहीं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावें, नवांनीं भागावें, आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवावा; बेडूक-म्हैस-हत्तीला पाऊस चांगला, कोल्ह्याला ओढ. ज्या गणितांत वारा नाहीं, समुद्र नाहीं, त्यांतून पाऊस कोठून निघणार? पावशा पक्षी मृगाच्या सुमारास ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडतो असें आपण ऐकतों. त्याचा तो विणीचा काळ असतो, एवढेंच. कावळ्यानें घरटें झाडाच्या शेंड्याला बांधलें कीं आंत फांद्यांत, यावरूनही लोक अदमास घेतात. अशा खुणांत कांहीं तथ्य असेल नसेल. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. या सर्व खुणा शेतकऱ्याच्याच प्रश्नाचें उत्तर देऊं पाहत होत्या: आज पेरूं का? हा प्रश्न पुढें बराच काळ शास्त्राच्या दाराबाहेर उभा राहिला, हें आतां दिसून येईल.

तत्पूर्वीं एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. पेरणी मोडली तर पुढें काय? परंपरेनें १३९६ पासून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० ते १६३२ चा दक्षिणेंतला भीषण दुष्काळ, यांच्या वर्णनांत मेलेल्या माणसांच्या व ओस पडलेल्या गांवांच्या कथा येतात. त्यांच्या मागें एक साधी गोष्ट असते: पाऊस परत आला तेव्हां पेरायला बीं उरलेलें नव्हतें, आणि तिफण ओढायला बैल नव्हते. सतराव्या शतकाच्या मध्यावर औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतांना त्याच्या दिवाणानें, मुर्शिद कुलीखानानें, ओस मुलूख पुन्हां लागवडीस आणण्यासाठीं बियांकरितां व बैलांकरितां तकावी देण्याची व्यवस्था केली, ती याच कारणानें. एरवीं कुणब्याचा आधार दोन ठिकाणीं असे. एक घरांतला: पेवांतली ज्वारी आणि वेगळीं काढून, राख व कडुलिंबाचा पाला घालून राखलेलें बीं. दुसरा सावकाराचा: तो दाणा देई आणि सुगीला वाढीदिढीनें परत घेई, म्हणजे एक मण नेला तर दीड मण आणून घालावा. मृग फसला कीं पहिला आधार संपे आणि दुसऱ्याचें दार ठोठावावें लागे. म्हणून दुबार पेरणीचा इतिहास हा जितका ढगांचा तितकाच कर्जाचा इतिहास आहे. जुन्या कुणब्यानें यावर आपल्या परीनें एक तोड काढली होती. तो एकाच रानांत ज्वारी, तूर, मूग, अंबाडी अशीं पिकें मिसळून घेई, आणि भारी जमिनीचा कांहीं भाग खरिपाला न पेरतां हस्ताच्या पावसावरच्या रबी ज्वारीसाठीं मोकळा ठेवी. साऱ्या जमिनीचा डाव तो एका नक्षत्रावर लावीत नसे.

आतां हिमालयाकडे वळूं. १८७५ सालीं हिंदुस्थान सरकारनें हवामान खातें स्थापन केलें आणि त्यावर हेन्री ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाला नेमलें. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. दक्षिणेंत पन्नास लाखांहून अधिक माणसें गेलीं. असें संकट आधीं कळूं शकेल काय, असें सरकारनें ब्लॅनफर्डला विचारलें. त्यानें जुन्या नोंदी चाळल्या, आणि त्याला दिसलें कीं, ज्या वर्षीं वायव्य हिमालयावर वसंतांत उशिरापर्यंत भरपूर बर्फ पडतो, त्या वर्षीं पश्चिम हिंदुस्थानांत कोरडे वारे वाहतात व पाऊस ओढ देतो. हें त्यानें १८८४ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. कारणही समजण्याजोगें आहे. शुभ्र बर्फ ऊन परतवून लावतो, उरलेली उष्णता तो वितळण्यांत खर्ची पडते, जमीन तापत नाहीं, आणि समुद्रावरच्या वाऱ्यांना आंत ओढणारी शक्तिच दुबळी होते. गुलमर्गच्या खेळाडूचा आनंद आणि रेणापूरच्या कुणब्याची चिंता अशीं एकाच खतावणींत समोरासमोर येऊन बसलीं. १८८२ पासून चार वर्षें खात्यानें या खुणेवर प्रायोगिक अंदाज बांधले, आणि ४ जून १८८६ रोजीं पावसाळ्याचें पहिलें रीतसर भाकित प्रसिद्ध झालें. मृग निघण्याच्या अगदीं तोंडावर! वराहमिहिराची आकांक्षा हिंवाळ्याच्या ढगांवरून वसंताच्या बर्फावर आली होती.

ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट आला. त्यानें बर्फाच्या जोडीला इतर प्रदेशांतील वायुभार आणि हिंदी महासागरावरील वारे जमेस धरले, व लांबलचक भाकितें लिहिलीं. १८९९ सालीं त्यानें पाऊस चांगला होईल असें सांगितलें. पाऊस झाला नाहीं. जो दुष्काळ पडला तो शतकांतल्या घोर दुष्काळांपैकीं एक. हैदराबाद संस्थानांतला मराठवाडाही त्यांत होरपळला. वर्तमानपत्रांनीं खात्यावर टीकेची झोड उठवली, आणि त्यानंतर कांहीं वर्षें हीं भाकितें गुप्त ठेवण्यांत येऊं लागलीं. तीं केवळ सरकारी अधिकाऱ्यांकरितां असत. भाकित चुकलें तर हिशेब सुधारावा. येथें हिशेबाच्या वहीवरच कुलूप घातलें गेलें. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. पेरणाऱ्याला या भाकिताचा कांहीं हक्क आहे, ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती.

१९०४ मध्यें केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचा प्रमुख झाला. हवामानाचें त्याला पूर्वज्ञान नव्हतें, आणि तोच त्याचा लाभ झाला असें म्हणतां येईल. त्यानें कोणतीही खूण कोणाच्या शब्दावर घेतली नाहीं. मे अखेरचा हिमालयांतील बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेंतील वायुभार, झांजिबारचा पाऊस, असे आंकडे एका सूत्रांत गोंवून १९०९ पासून तो अंदाज काढूं लागला. जगभरच्या नोंदी तपासतां तपासतां पॅसिफिक महासागराचा वायुभार चढला कीं हिंदी महासागराचा उतरतो, असा एक प्रचंड झोका त्याला आढळला. १९२४ सालीं त्यानें त्याला दक्षिणी आंदोलन हें नांव दिलें. आज एल निनोचें जें नांव खेड्यापाड्यांत ऐकूं येतें, त्याच्याशीं जोडलेला वायुभाराचा झोका तो हाच. १९२८ मध्यें खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बर्फाच्या पायथ्याचें नांव असें मुळा-मुठेच्या कांठीं येऊन राहिलें.

एवढी विद्या खर्ची पडली, परंतु ती कोणत्या प्रश्नासाठीं? ब्लॅनफर्ड, इलियट, वॉकर हे तिघेही सबंध हंगामाच्या एकूण पावसाचा अंदाज करीत होते, कारण सरकारला तोच हवा होता. दुष्काळी कामें काढावीं लागतील काय, सारा वसूल होईल काय, धान्य कोठून कोठें न्यावें लागेल, हे त्याचे प्रश्न. रेणापूरचा प्रश्न असा: आज पंधरा जून आहे, पाऊस पडला आहे; पुढचे तीन आठवडे तो टिकेल काय? हंगामाचा आंकडा बरोबर येऊनही या प्रश्नाचें उत्तर चुकूं शकतें. २०१५ सालीं जून महिन्यांत देशभर सरासरीहून सोळा टक्के पाऊस जास्त झाला. जुलै-ऑगस्टनें पाठ फिरवली आणि हंगाम चौदा टक्के तुटीनें संपला. मराठवाड्यांत जुलै जवळजवळ कोरडा गेला, पेरण्या मोडल्या, आणि पुढच्या एप्रिलांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणण्याची वेळ आली.

शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे शास्त्र वळलें तें सावकाश. १९३२ मध्यें पुण्यास डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखालीं कृषि हवामानाची शाखा निघाली. जमिनीचा ओलावा, तिचें तपमान, पिकाच्या उंचीवरची हवा, असल्या साध्या दिसणाऱ्या गोष्टींचें मोजमाप तेथें सुरू झालें. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचें वार्तापत्र प्रादेशिक भाषांत आकाशवाणीवरून जाऊं लागलें. ज्या यंत्रासमोर मी हे शब्द उच्चारीत आहें, त्याच्या जातीच्या यंत्रानें १८९९ नंतर बंद झालेली वही पहिल्यानें खेड्याच्या चावडींत उघडली, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें १९६२ मध्यें पुण्यासच उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था स्थापन झाली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोन ते चार आठवड्यांचा अंदाज नियमितपणें निघूं लागला आहे. प्रश्न अखेर योग्य दारीं पोंचला आहे. उत्तर मात्र अजून जिल्ह्या-जिल्ह्यांच्या समूहाचें मिळतें, एका शिवाराचें नाहीं. २०१७ च्या जुलैंत बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनीं अंदाज चुकल्यामुळें पेरणी वायां गेली म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. शहरांत लोक त्यावर हंसले. मला त्यांत हंसण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. ढगावर फिर्याद करतां येत नाहीं हें त्या शेतकऱ्यांनाही ठाऊक होतें. दुसऱ्या पेरणीचें बीं कोणाच्या खर्चानें घ्यावयाचें, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो वाढीदिढीच्या काळाइतकाच जुना आहे.

हा प्रश्न हल्लीं अधिक बोचरा झाला आहे, त्याचें कारण ढगांत नसून पिकांत आहे. पूर्वी खरिपाची ज्वारी एकरीं सुमारें चार किलो लागे, आणि ती घरची असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लातूर भागांत सोयाबीननें ज्वारीला बाजूस सारलें. लातूरची पेठ तर सोयाबीनच्या भावासाठीं दूरवर प्रसिद्ध झाली. सोयाबीनचें बीं एकरीं पंचवीस-तीस किलो लागतें. त्याचें टरफल पातळ. साठवणींत, हाताळणींत त्याची उगवणशक्ति लवकर जाते, म्हणून पुष्कळांना तें दरसाल पिशवींतून विकत घ्यावें लागतें, बरोबर खतही घ्यावें लागतें. मृगाची तीच चूक आज कितीतरी पट महाग पडते. मिसळीचीं पिकें कमी झालीं, सारें रान एकाच दाण्यानें एकाच आठवड्यांत पेरलें जाऊं लागलें, आणि हस्तासाठीं राखलेली मोकळी जमीनही फारशी उरली नाहीं. उत्पन्न वाढलें हें नाकारतां येत नाहीं. पण डाव एका नक्षत्रावर आला.

आणि नक्षत्रही पूर्वीसारखें वागेनासें झालें आहे. २०२५ सालीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईंत येऊन थडकला. मुंबईच्या नोंदींत इतका लवकर तो कधीं आलेला नव्हता. मराठवाड्यांत रोहिणींतच शेतें भिजलीं. मग प्रवाह अडला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्याचा बराच भाग वाट पाहत राहिला. पेरणीची घाई करूं नका असें कृषि खातें वारंवार सांगत होतें. तरी ओली जमीन समोर असतां हात आवरणें किती कठीण जातें, हें ज्यानें तिफण धरली आहे त्यालाच ठाऊक. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्याच जिल्ह्यांत नद्या पात्राबाहेर आल्या आणि काढणीला आलेलें सोयाबीन पाण्यांत उभें राहिलें.

पाऊण ते एक शतक मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, असा कृषि खात्याचा व विद्यापीठाचा आजचा दंडक आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर म्हणजे वरचा थर व खालच्या भेगा दोन्ही भिजण्याइतकें पाणी. त्यावर पावसानें दोन आठवडे ओढ दिली तरी रोप तग धरण्याची आशा असते. कौटिल्याच्या हातभर तोंडाच्या कुंडाचा वंशज आतां महसूल मंडळांत उभा आहे. तें यंत्र पाऊस आपोआप मोजतें व आंकडा दूर धाडतें. परंतु दोन यंत्रांच्या मधल्या शिवारांत वळीव किती पडला हें त्याला कळत नाहीं. म्हणून रेणापूरचा शेतकरी आंकडा ऐकतो, आणि मग शेतांत जाऊन टाचेनें माती उकरतो. ओल वीतभर खालीं गेली आहे कीं नाहीं, मुठींत दाबलेल्या मातीचा गोळा फुटतो कीं चिकटून राहतो, हें पाहतो, आणि जातां जातां शेजाऱ्याच्या रानाकडे एक नजर टाकतो. एकानें चाड्यावर मूठ धरली कीं दोन दिवसांत सारें शिवार पेरून निघतें.